बाजू दुप्पट, जागा चौपट

झेरॉक्सच्या दुकानात ‘ए-फोरचं ए-थ्री करून द्या’ म्हटलं की दुकानदार यंत्रावरचं एक बटण दाबतो आणि पडद्यावर १४१ टक्के असा आकडा उमटतो. मोठ्याचं लहान करायचं असेल तर ७१, काही यंत्रांवर ७०. ए-थ्री कागद ए-फोरच्या दुप्पट असतो. दोन ए-फोर शेजारी शेजारी ठेवले की एक ए-थ्री झाला. मग दुप्पट करायला २०० टक्के का नकोत?

२०० टक्के सांगून बघा. यंत्र प्रत्येक रेघ दुप्पट लांब करील, आडवीही आणि उभीही. २१ सेंटिमीटर रुंदीचा मजकूर ४२ सेंटिमीटर होईल, २९.७ सेंटिमीटर उंची ५९.४ होईल. एवढा मजकूर मावायला ए-टू कागद लागतो आणि त्यात ए-फोरचे चार कागद बसतात. यंत्राला सांगायचे टक्के लांबीचे असतात, आपल्या मनातले टक्के मात्र जागेचे, म्हणजे क्षेत्रफळाचे. जागा दुप्पट व्हायची तर लांबी-रुंदीला अशा संख्येने गुणावं लागतं, जिचा वर्ग दोन येतो. ती संख्या २ चं वर्गमूळ, साधारण १.४१४. अर्ध्यासाठी तिचा व्यस्त, ०.७०७. दुकानदाराला हे गणित ठाऊक असण्याची गरज नाही. यंत्र बनवणाऱ्यांनी ते बटणात घालून ठेवलं आहे.

कागदाच्या मापातही तेच घातलेलं आहे. ए-फोरची लांबी रुंदीच्या १.४१४ पट असते. याच प्रमाणाचा कागद मधोमध कापला तर दोन्ही अर्ध्यांचं प्रमाण पुन्हा तेच राहतं. दुसऱ्या कुठल्याही प्रमाणाला हे जमत नाही. गेऑर्ग लिख्टेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १७८६ साली एका पत्रात हा गुण टिपून ठेवला होता. पुढे १९२२ मध्ये वाल्टर पोर्स्टमान यांच्या कामातून जर्मनीत त्याचं मानक झालं आणि तेच जवळजवळ जगभर पसरलं. मालिकेतला सगळ्यात मोठा ए-झिरो कागद बरोबर एक चौरस मीटरचा धरला आहे. चार वेळा अर्धा केला की ए-फोर, म्हणजे चौरस मीटरचा सोळावा भाग. त्यामुळे ८० जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणाऱ्या, एका ए-फोर कागदाचं वजन तोंडी सांगता येतं: ८० भागिले १६, पाच ग्रॅम. आपल्या कचेऱ्यांत पूर्वी चालणाऱ्या फुलस्केपला यातलं काहीच येत नव्हतं.

‘दुप्पट करा’ म्हटलं की हात आधी बाजूकडे जातो, ही खोड जुनी आहे. प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात, म्हणजे इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात, सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला जमिनीवर चौरस काढून दाखवतो. बाजू दोन फूट, क्षेत्रफळ चार चौरस फूट. याच्या दुप्पट, म्हणजे आठ चौरस फुटांचा चौरस काढायचा तर बाजू किती घ्यावी? मुलगा बेधडक सांगतो, दुप्पट, चार फूट. चौरस काढल्यावर दिसतं की तो सोळाचा झाला. मग तो तीन फूट म्हणतो. त्याचे नऊ होतात. आठ हवे होते, म्हणजे बाजू दोन आणि तीनच्या मध्ये कुठेतरी आहे, पण नेमकी कुठे हे त्याला सांगता येत नाही. सॉक्रेटिस मग सोळाच्या चौरसातल्या चार लहान चौरसांना प्रत्येकी एक कर्ण काढतो. कर्णांनी मधोमध एक तिरका चौरस तयार होतो. प्रत्येक लहान चौरसाचा अर्धा भाग त्यात आला, म्हणजे दोन-दोन असे चारदा, एकूण आठ. दुप्पट चौरसाची बाजू म्हणजे मूळ चौरसाचा कर्ण.

प्लेटोला यातून आत्म्याला ज्ञान आधीपासूनच असतं असं काहीतरी सिद्ध करायचं होतं. ते बाजूला ठेवू. मला त्या मुलाची चूकच जास्त मोलाची वाटते, कारण ती आजही जशीच्या तशी होते आणि शिकलेल्या माणसांकडून होते.

कर्णाची ही गोष्ट हातात घेऊन बघायची तर एक चौरस कागद पुरतो. वीस सेंटिमीटर बाजूचा घ्या आणि चारही कोपरे मध्यबिंदूवर आणून घडी घाला. कोपरे मध्यावर नीट भिडले की खाली पुन्हा चौरसच उरतो, फक्त तिरका. आता हा चौरस सगळीकडे दोन पदरी आहे, कुठे एकपदरी नाही आणि कुठे तीनपदरीही नाही. म्हणजे जागा नेमकी निम्मी झाली. बाजू पट्टीने मोजा. दहा सेंटिमीटर येत नाही, चौदाच्या किंचित पुढे येते. जागा निम्मी झाली तरी बाजूचे दोन तृतीयांशाहून जास्त शिल्लक राहिले.

चौरसाचं ठीक आहे, पण वर्तुळाचं काय, आंब्याच्या पानाचं काय, महाराष्ट्राच्या नकाशाचं काय? ज्याला धड सूत्रच नाही अशा आकारालाही हाच नियम का लागू व्हावा? शाळेत आपण प्रत्येक आकाराचं सूत्र वेगळं पाठ करतो, म्हणून हा प्रश्न अवघड वाटतो. आलेखकागदाच्या बाजूने गेलं तर तो एका ओळीत सुटतो. पान आलेखकागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवा आणि आतले चौकोन मोजा. समजा एक-एक मिलिमीटरचे २,४०० भरले. आता कागदासकट सगळं चित्र तिप्पट करा. चौकोनांची संख्या बदलली का? नाही, २,४०० च आहेत. पण प्रत्येक चौकोन आता तीन मिलिमीटर बाजूचा झाला, म्हणजे नऊ चौरस मिलिमीटरचा. एकूण जागा नऊपट. कडेवर अर्धवट कापले गेलेले चौकोन त्रास देत असतील तर आणखी बारीक जाळी घ्या. जाळी जितकी बारीक तितकी कडेची चूक कमी. आकार कसलाही असो, त्याच्या आतल्या बारीक चौकोनांचं जे होतं तेच त्याचं होतं. लांबीला ज्या संख्येने गुणलं तिच्या वर्गाने क्षेत्रफळ गुणलं जातं.

दोन दिशांना वेगवेगळं ताणलं तरी हीच युक्ती चालते. आडवं तिप्पट आणि उभं दुप्पट केलं तर प्रत्येक चौकोनाचा सहापट आयत होतो, म्हणून जागा सहापट. लंबवर्तुळाचं सूत्र यातून फुकट पदरात पडतं. एक त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ पाय. ते आडवं ‘अ’ पट आणि उभं ‘ब’ पट ताणलं की लंबवर्तुळ होतं आणि क्षेत्रफळ होतं पाय गुणिले अ गुणिले ब. संपलं. त्याच लंबवर्तुळाचा परीघ मात्र असा सरळ सूत्रात सापडत नाही. रामानुजन यांनी १९१४ च्या एका निबंधात त्याची अतिशय अचूक अंदाजी सूत्रं दिली, पण तीही अंदाजीच. कारण पाहिलं तर सोपं आहे. कडेचा प्रत्येक तुकडा आपापल्या दिशेप्रमाणे वेगळा ताणला जातो. आडवा तुकडा ‘अ’ पट, उभा ‘ब’ पट, तिरका कुठेतरी मधेच. आतल्या चौकोनांना ही भानगड नाही, सगळे सारखेच ताणले जातात.

आकार तोच ठेवून जागा ठरावीक प्रमाणात वाढवायची, हा प्रश्न भारतात कोणे एके काळी वर्गातला नव्हता, बांधकामाचा होता. बौधायन शुल्बसूत्र हे शुल्बसूत्रांतलं सगळ्यात जुनं मानतात, इसवी सनापूर्वी ८०० ते ५०० च्या दरम्यानचं. यज्ञाच्या वेद्या कशा आखायच्या याचं ते पुस्तक आहे. त्यातल्या अग्निचयनात पक्ष्याच्या आकाराची वेदी विटांनी रचायची असते, पाच थर आणि थराला २०० विटा. तिचं क्षेत्रफळ साडेसात चौरस पुरुष. ‘पुरुष’ हे लांबीचं माप, हात वर करून उभ्या असलेल्या यजमानाच्या उंचीइतकं, १२० अंगुलांचं. साधी चौकोनी अवयवांची वेदी घेतली तर हिशेब असा: धड दोन पुरुष बाजूचा चौरस, म्हणजे चार. दोन पंख, प्रत्येकी एक पुरुषाचा चौरस आणि लांबीत एका अरत्नीची, म्हणजे एक पंचमांश पुरुषाची वाढ. दोन्ही मिळून दोन पूर्णांक चार दशांश. शेपूट एक चौरस आणि एका प्रादेशाची, म्हणजे एक दशांशाची वाढ. एक पूर्णांक एक दशांश. बेरीज साडेसात.

इथवर नुसती बेरीज आहे. खरी गंमत पुढच्या वेळी सुरू होते. दुसऱ्यांदा चयन करताना वेदी साडेआठ चौरस पुरुषांची करायची, तिसऱ्यांदा साडेनऊची, असं करत साडेएकशेएकपर्यंत. अट एकच: पक्ष्याचं रूप बदलता कामा नये.

आता साडेसातचे साडेआठ कसे करणार? एखाद्या बाजूला एक चौरस पुरुषाची पट्टी चिकटवली तर पक्षी लंगडा होतो. प्रत्येक बाजू त्याच प्रमाणात, म्हणजे साडेआठ भागिले साडेसात, १.१३३ पट केली, तर त्या गुलाम मुलाचीच चूक झाली. वेदी साडेआठची न होता नऊ पूर्णांक सहा दशांशाच्याही वर जाते. जेवढी वाढ हवी होती त्याच्या दुपटीहून जास्त वाढ होते. विटा आधीच भाजून ठेवलेल्या असतील तर पंचाईतच.

सूत्रकारांचा तोडगा सुरेख आहे. जो एक चौरस पुरुष वाढवायचा त्याचे पंधरा भाग करा. मूळच्या प्रत्येक चौरस पुरुषाला त्यातले दोन द्या. सात चौरसांना चौदा गेले, उरलेल्या अर्ध्याला एक, पंधराही संपले. म्हणजे आता एका चौरस पुरुषाचं क्षेत्रफळ सतरा पंधरांश झालं. या क्षेत्रफळाचा चौरस काढा, त्याची बाजू हाच नवा पुरुष समजा आणि या नव्या मापाने जुनीच वेदी पुन्हा आखा. दोन पुरुषांचं धड, एक पुरुष आणि एका अरत्नीचे पंख, सगळं तेच. फक्त पुरुष १२० अंगुलांऐवजी सुमारे पावणेएकशेअठ्ठावीस अंगुलांचा. आकाराला हातच लावायचा नाही, मोजायची दोरी बदलायची. आज संगणकावर चित्राचा कोपरा ओढून आपण करतो ते हेच.

सतरा पंधरांशाचा चौरस काढायचा कसा? वर्गमूळ काढून नव्हे, दोरीने. आयताचा त्याच क्षेत्रफळाचा चौरस करण्याची रीत शुल्बसूत्रांत आहे आणि दोन चौरसांच्या बेरजेइतका एक चौरस करण्याचीही आहे. ही दुसरी रीत म्हणजे आपण पायथागोरसच्या नावाने शिकतो तो सिद्धांत: आयताच्या कर्णावरचा चौरस दोन्ही बाजूंवरच्या चौरसांएवढा. चौरसाच्या कर्णावरचा चौरस दुप्पट होतो हेही बौधायन वेगळं सांगतो आणि त्या कर्णाला ‘द्विकरणी’ म्हणतो, दोन करणारी. तिची किंमत काढायची रीतही देतो: एक, अधिक एक तृतीयांश, अधिक त्या तृतीयांशाचा चौथा भाग, वजा त्या चौथ्या भागाचा चौतिसावा भाग. ५७७ छेद ४०८. दशांशात १.४१४२१५७. खरी किंमत १.४१४२१३६. दोरी आणि खुंट्या घेऊन वेदी आखणाऱ्याला एवढी अचूकता लागत नाही. कुणालातरी गणिताचा नाद होता हे उघड आहे.

साडेएकशेएकपर्यंत कुणी खरोखर पोचलं असेल असं वाटत नाही. पंचाण्णव वेळा अग्निचयन करायला एक आयुष्य पुरणार नाही. पण समजा पोचलं, तर वेदी साडेतेरा पट मोठी झाली आणि धडाची बाजू दोन पुरुषांवरून फक्त ७.३६ पुरुषांवर गेली, म्हणजे पावणेचार पटही नाही. विधी मात्र नुसता पोथीत राहिला नाही. केरळातल्या पांजाळ गावी १९७५ साली नंबुद्री ब्राह्मणांनी विटांची पक्ष्याच्या आकाराची वेदी रचून अग्निचयन केलं आणि वैदिक विधींचे अभ्यासक फ्रिट्स स्टाल यांच्या पुढाकाराने त्याचं चित्रीकरणही झालं.

वेदीवरून शेतात येऊ. आपल्याकडे गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. हे ३३ कुठून आले? मुंबई इलाख्याच्या जमीनमोजणीची साखळी ३३ फुटांची होती आणि तिचे सोळा आणे केलेले होते. एक साखळी गुणिले एक साखळी म्हणजे गुंठा; चाळीस गुंठ्यांचा एकर. इंग्रजांची मूळ साखळी मात्र एडमंड गंटर याची, १६२० च्या सुमाराची, ६६ फुटांची. क्रिकेटच्या खेळपट्टीची बावीस यार्ड लांबी म्हणजे हीच साखळी. त्या साखळीचा चौरस ४,३५६ चौरस फुटांचा भरतो, नेमका चार गुंठे, आणि असे दहा चौरस म्हणजे एकर. दोन्हीकडे म्हणायचं ‘एक चौरस साखळी’, पण एक साखळी दुसरीच्या दुप्पट, म्हणून जमीन चौपट.

सातबारावरचे हेक्टर आणि आर यांतही हाच प्रकार आहे. आर म्हणजे दहा मीटर गुणिले दहा मीटर. हेक्टर म्हणजे शंभर गुणिले शंभर. बाजू दहापट, जमीन शंभरपट. म्हणून हेक्टरचे शंभर आर होतात, दहा नव्हेत. (गुंठा आणि आर जवळपास सारखेच, गुंठा जेमतेम एक टक्क्याने मोठा. बोलताना लोक दोन्हींची सरमिसळ करतात ते यामुळे खपून जातं.)

मोजण्याच्या साधनात थोडी खोट असली की ती जमिनीत जवळपास दुपटीने उतरते. लोखंडी साखळीच्या कड्या वापराने झिजतात आणि साखळी लांबते. एक टक्का लांबलेल्या साखळीने शेत मोजलं तर लांबी एक टक्का कमी भरते, रुंदीही एक टक्का कमी भरते आणि क्षेत्र दोन टक्के कमी येतं. एकराला पाऊण गुंठ्याहून जास्त जमीन गायब. पाऊण गुंठ्यावरून कोर्टात गेलेली घरं आपल्याकडे थोडी नाहीत.

क्षेत्र चौपट होतं तेव्हा कुंपण दुप्पटच होतं, कारण कुंपण ही लांबी आहे. एक एकराचं चौरस शेत घ्या. बाजू सुमारे २०९ फूट, कुंपण ८३५ फूट, गुंठ्यामागे एकवीस फूट. दहा गुंठ्यांच्या चौरसाला कुंपण ४१७ फूट लागतं, म्हणजे गुंठ्यामागे जवळजवळ बेचाळीस. वाटण्या होत शेतं लहान होतात तसा प्रत्येक गुंठ्याच्या वाट्याला बांध जास्त येतो. बांधाखालची जमीन पिकत नाही आणि भांडणं नेमकी तिथेच पिकतात.

पाइपच्या दुकानात तर या नियमाची किंमत रुपयांत मोजावी लागते. विहिरीवर चार इंची पाइप आहे, तो महाग पडतो म्हणून दोन इंची दोन टाकू, असा विचार करणारे भेटतात. दोन अधिक दोन चार हे बरोबर, पण पाणी व्यासातून जात नाही, पाइपच्या तोंडाच्या जागेतून जातं. चार इंचीची ती जागा दोन इंचीच्या चौपट आहे. चार इंची एका पाइपच्या बदल्यात दोन इंची चार पाइप लागतील आणि तरीही पाणी कमीच मिळेल, कारण लहान पाइपात पाण्याला आतल्या भिंतीचं घर्षण त्या मानाने जास्त होतं. बारीक नळीतून संथ वाहणाऱ्या द्रवाच्या बाबतीत तर व्यास निम्मा केला की प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो. हा नियम पॉइसिये या फ्रेंच वैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रयोगांनी काढला.

वैद्याला यात रस असणं साहजिक होतं. अँजिओग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘पन्नास टक्के ब्लॉक’ लिहिलेला असतो ती टक्केवारी सहसा व्यासाची असते. व्यास निम्मा उरला म्हणजे रक्त जायची जागा पाव उरली, पंचाहत्तर टक्के बंद झाली. व्यासात सत्तर टक्के अडथळा असेल तर जागेचे जेमतेम नऊ टक्के मोकळे असतात. पन्नासवरून सत्तरवर जाणं वीस टक्क्यांचं वाटतं. मोकळी वाट मात्र पंचवीसवरून नऊवर आलेली असते. हा हिशेब रिपोर्ट समजून घेण्यापुरता. पुढचं काय ते डॉक्टर सांगतील.

रोजच्या खरेदीतली उदाहरणं वाचकाला आपोआप सुचतील, म्हणून दोनच सांगतो. आठ इंची दोन पिझ्झे बारा इंची एका पिझ्झ्यापेक्षा कमी भरतात, १२८ ला १४४ या प्रमाणात. आणि टीव्हीचे इंच कर्णाचे असल्यामुळे ५५ इंची पडदा ३२ इंचीच्या पावणेदोनपट नव्हे, जवळजवळ तिप्पट असतो. टीव्हीच्या बाबतीत हा नियम गिऱ्हाइकाच्या बाजूने आहे, फक्त भिंतीवर तेवढी जागा आहे का ते आधी बघावं.

टक्क्यांत हीच गोष्ट थोडी लपून बसते. कापड धुतल्यावर लांबीत पाच टक्के आणि रुंदीत पाच टक्के आटलं तर एकूण पाच टक्के आटलं असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात पावणेदहा टक्के कापड गेलं. खोली एका बाजूने दहा टक्के वाढवली आणि दुसऱ्या बाजूने दहा टक्के कमी केली तर जागा तेवढीच राहील असं वाटतं, पण ती एक टक्क्याने घटते. नव्वद गुणिले एकशेदहा हे ९,९०० होतात, दहा हजार नव्हेत. आधी वाढवा नाहीतर आधी कमी करा, फरक पडत नाही.

या नियमाचा सर्रास गैरवापर होतो तो चित्रांतून. उत्पादन दुप्पट झालं हे दाखवायला चित्रकार दुधाची एक किटली काढतो आणि शेजारी दुप्पट उंचीची दुसरी. उंची दुप्पट करायची म्हणजे रुंदीही दुप्पट करावी लागते, नाहीतर किटली विचित्र दिसते. कागदावर ती चौपट जागा व्यापते आणि किटली भरीव वस्तू म्हणून डोळा तिचं आकारमान धरत असेल तर आठपट. खाली आकडा दुपटीचाच छापलेला असतो, त्यामुळे खोटं छापलं असं कुणी म्हणू शकत नाही. डॅरेल हफ या अमेरिकन पत्रकाराने १९५४ साली आकडेवारीतल्या लबाड्यांवर एक छोटं पुस्तक लिहिलं, त्यात पैशांच्या थैल्यांची चित्रं काढून ही युक्ती उघडी पाडली आहे. सत्तर वर्षं होऊन गेली, युक्ती अजून जोरात आहे. माझ्या मते असली चित्रं काढणाऱ्यांपैकी बरेच जण लबाड नसतात, त्यांच्या लक्षातच येत नाही. सारख्या रुंदीचे स्तंभ काढले की प्रश्न मिटतो, पण स्तंभ कुणाला आवडत नाहीत.

नकाशा हे तर मापं लहान करण्याचंच शास्त्र. सर्व्हे ऑफ इंडियाच्या पन्नास हजारांत एक या प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. पण एक चौरस सेंटिमीटर म्हणजे अर्धा चौरस किलोमीटर नव्हे, पाव, पंचवीस हेक्टर. धरणाखाली किती जमीन जाणार, याचा अंदाज नकाशावरून बांधताना इथे चुकलं तर उत्तर दुप्पट येतं.

जगाच्या सपाट नकाशावर प्रमाण सगळीकडे सारखं ठेवताच येत नाही. गेरार्डस मर्केटर याने १५६९ साली खलाशांसाठी जो नकाशा केला, त्यात होकायंत्राने धरलेली एकच दिशा सरळ रेघेने काढता यावी अशी सोय होती. त्यासाठी कोन बिघडून चालणार नव्हतं. गोलावर रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळ जवळ येत जातात. नकाशावर ती समांतर काढायची म्हणजे साठाव्या अक्षांशावर आडवं अंतर दुप्पट ताणलं गेलं. नुसतं आडवं ताणलं तर कोन बिघडतात, म्हणून मर्केटरने उभंही तेवढंच ताणलं. दोन गुणिले दोन. साठाव्या अक्षांशावरची जमीन विषुववृत्ताच्या मानाने चौपट दिसू लागली. मुंबईच्या अक्षांशावर हा फुगवटा बारा टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगा. ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला तो चौपट आहे आणि उत्तर टोकापाशी जवळजवळ ऐंशीपट.

संगणकावर आणि फोनवर दिसणारे बहुतेक सपाट नकाशे आजही याच पद्धतीचे आहेत आणि त्यांवर ग्रीनलंड आफ्रिकेच्या तोडीस तोड वाटतं. आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. भारतही त्या नकाशावर ग्रीनलंडपुढे अगदीच किरकोळ दिसतो. भारताचं क्षेत्रफळ सुमारे ३२.८७ लाख चौरस किलोमीटर आहे, ग्रीनलंडचं २१.६६ लाख.